व्यक्ती

२३ सप्टेंबर, पुणे

मराठीत लपणं फार अवघड. 'जेवायला गेले होते' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कोण होतं बरोबर? 'होता' म्हणायचं की 'होती'? चार वर्षं मी 'एक व्यक्ती' या शब्दाच्या आडोशाला राहिले. व्यक्ती मुळात स्त्रीलिंगी, त्यामुळे 'ती भेटली', 'ती रागावली' असं बिनघोर बोलता यायचं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुलगाच असायचा. एक अक्षर खोटं बोलले नाही आणि खरं कुणाला कळलं नाही. ते नातं तुटलं तेव्हा रडायलाही कुणापाशी जाता आलं नाही.

आजचा दिवस १९९९पासून आमच्यासारख्यांचा म्हणून पाळतात. तो बघून ठरवलं नव्हतं, पण मेथी निवडता निवडता आईला सांगून टाकलं. कुणी कुणी 'उभयलिंगी' म्हणतात, पण तो शब्द शाळेत गांडुळाच्या धड्यात भेटलेला, शरीराबद्दलचा. मी 'उभयलैंगिक' म्हटलं. तिला कळेना. मग सरळच सांगितलं, "आई, मला मुलं आवडतात, तशा मुलीही."

बराच वेळ ती काड्या बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मुलाशी लग्न होऊ शकतं ना गं तुझं?"

त्या आवाजातली आशा ऐकून पोटात तुटलं. 'होऊ शकतं' म्हणाले, कारण तेही खरंच आहे. मुलावर जीव जडला तर विवाह नोंदणी कार्यालयात तीस दिवसांची नोटीस द्यायची, सह्या करायच्या, झालं. मुलीवर जडला तर? ६ सप्टेंबर २०१८च्या निकालानं आमचं प्रेम गुन्हा राहिलं नाही, पण १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी लग्नांना मान्यता द्यायचं नाकारलं. मी तीच, जीव लावणंही तेच. हे अर्धंमुर्धं तिला सांगितलं. आणि हेही, की उद्या मुलाशी लग्न केलं तरी मी अशीच असेन. ते लग्न म्हणजे 'बरी झाली' नव्हे.

"बाबांना इतक्यात नको," एवढंच म्हणाली.

रात्री ताटं घेताना मात्र तिनंच विषय काढला. "तू ती व्यक्ती, व्यक्ती म्हणायचीस..."

"मुलगी होती, आई."

"त्या पावसाळ्यात नीट जेवत नव्हतीस, ते तिच्यासाठी?"

मी मान हलवली, आणि तिचं नाव सांगितलं.