आईचा नवा खुबा

आईच्या खुब्याचा सांधा बदलण्याच्या ऑपरेशनचे टाके आज निघाले. दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं होतं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. आज ती दारापर्यंत स्वतः चालत गेली!

ज्यांच्या घरी हे ऑपरेशन ठरलंय त्यांना कळकळीने सांगते, घराची तयारी आधी करा. आमचा सोफा बुटका. त्यात बसलं की गुडघे खुब्याच्या वर जातात, आणि मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर सुरुवातीचे काही आठवडे नेमकं हेच टाळायचं असतं. खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकला तर सांधा निखळू शकतो. म्हणून हात असलेली उंच खुर्ची, कमोडवर उंच सीट, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. पायावर पाय टाकायचा नाही. आईला सगळ्यात जड गेलं ते पाटावर बसून पूजा न करणं. देव टेबलावर मांडले, तेव्हा कुठे तिचा चेहरा खुलला.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. फिजिओ ताई संध्याकाळी हेच घोटून घेत होत्या. "काकू, घाई नको, आधी कठडा धरा."

पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, लगेच दवाखाना गाठा. जखमेतून पाणी येणं, ताप, हेही अंगावर काढू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. आणि ऑपरेशन कुठल्या बाजूने, म्हणजे पुढून की मागून केलंय, ते दवाखान्यातून घरी सोडण्याआधीच डॉक्टरांना विचारा, पथ्यं त्यावर ठरतात.