रिटर्न भरलं होतं, तरी कंपनी बंद झाली

पगाराच्या दिवशी कंपनीच्या खात्यातून पैसेच निघेनात. शाखेत गेले, तर तिथल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. आमच्या कंपनीचं नाव कंपनी निबंधकांच्या नोंदवहीतून काढलेलं होतं, ‘स्ट्राइक ऑफ’. त्या क्षणी शेडमध्ये प्रेस चालू होती, अकरा माणसं रबरी सील बनवत होती, आणि कायद्याच्या लेखी आमची कंपनी विसर्जित झालेली होती.

संचालक आम्ही दोघी बहिणी. ताईचा पहिला प्रश्न, “अगं, रिटर्न तर दरवर्षी जातंय ना?” जात होतं. इन्कम टॅक्सचं जात होतं, जीएसटीचंही जात होतं. निबंधकांकडचं वार्षिक विवरण वेगळं असतं, ताळेबंदासाठी एओसी-४ आणि आमच्यासारख्या छोट्या कंपनीला एमजीटी-७ए. हे फॉर्मच दोन वर्षं राहून गेले होते, म्हणून कंपनी बंद पडली असं निबंधकांनी धरलं. ‘रिटर्न भरलं’ या दोन शब्दांवर आम्ही निर्धास्त होतो. म्हणून सांगते, तुमची कंपनी असेल तर आजच विचारा: कुठलं रिटर्न, कुणाकडे?

नोटीस आली नाही का? आली असणार, पण जुन्या पत्त्यावर. शेड बदलली तेव्हा नोंदणीकृत कार्यालयाचा नवा पत्ता कळवायचा राहिला. कंपनी कायदा २०१३च्या कलम २४८खाली निबंधक आधी एसटीके-१ नोटीस पाठवतात आणि उत्तराला ३० दिवस देतात. आमचे ते ३० दिवस दुसऱ्याच कुणाच्या दारात संपले.

“नवी कंपनी काढा, स्वस्तात सुटाल,” असं बऱ्याच जणांनी सांगितलं. मला ते पटलं नाही. मुदत ठेव, मशीनचं कर्ज, माणसांचा पीएफ, सगळं याच नावावर. ते असं अधांतरी सोडून नवीन पाटी लावायची?

आमच्या सीएस (कंपनी सेक्रेटरी) मॅडमनी कलम २५२ उघडून दाखवलं. निबंधकांच्या आदेशामुळे ज्याचं नुकसान झालं, त्याला तीन वर्षांत अपील करता येतं. पण त्याच कलमात पुढे कंपनी, भागधारक, धनको किंवा कामगार यांना राजपत्रातल्या सूचनेपासून २० वर्षांपर्यंत अर्जाची सोय आहे. तीन वर्षं उलटली की सगळं संपलं, असं समजून कितीतरी जण हातपाय गाळतात. तसं नाही.

अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत. तिथे मुख्य प्रश्न एकच: नाव काढलं तेव्हा कंपनी खरोखर चालू होती का? मग आम्ही दोघींनी कपाटं उपसली. विजेची बिलं, पीएफची चलनं, बँकेचे उतारे, लेखापरीक्षण झालेले ताळेबंद, डिलिव्हरी चलनांची पुस्तकं. हजेरीपुस्तक हाती आलं तेव्हा मी थांबले. पॅकिंगच्या मावशींची सही दर महिन्याला, एकही चुकलेली नाही. आम्ही सरकारदरबारी गप्प होतो त्या दोन वर्षांत कंपनी जिवंत होती, हे त्या सह्या सांगत होत्या.

अर्जाची प्रत निबंधकांना गेली. सगळी थकलेली विवरणं शुल्कासह भरली तर हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं आलं. तारखा पडत गेल्या. त्या महिन्यांचे पगार आम्ही घरच्या बचतीतून दिले.

कलम २५२मधलं एक वाक्य मला पाठ झालंय. त्याचा आशय असा, की नाव कधी काढलंच नव्हतं अशा स्थितीत कंपनीला आणि इतर सगळ्यांना शक्य तितकं आणून ठेवण्याचे निर्देश न्यायाधिकरण देऊ शकतं. आदेशात ते वाचताना ताईला रडू फुटलं.

आदेश हाती आला म्हणजे झालं, असं मात्र नाही. त्याची प्रत ३० दिवसांत आयएनसी-२८ फॉर्मने निबंधकांकडे दाखल करावी लागते. नोंद पुन्हा ‘ॲक्टिव्ह’ झाल्यावर थकलेली विवरणं भरायची. उशिराचं शुल्क प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. चार फॉर्म, म्हणजे रोजचे ४००. आमचा आकडा अडीच लाखांच्या घरात गेला. पत्त्याचा फॉर्म मी त्याच आठवड्यात भरला.

मग बँकेत आदेशाची प्रत दिली. पुढच्या पगाराच्या तारखेला पैसे कंपनीच्या खात्यातून गेले. मावशींनी हजेरीपुस्तकात सही केली आणि त्या पॅकिंगला गेल्या.