किलोचा भाव आणि नारळी काठ

"७ किलो, किलोला ८००. म्हणजे ५,६०० झाले की. वरचे एवढे कशाचे, ताई?"

गिऱ्हाइकाचा प्रश्न रास्त होता. नाशकात घरगुती केकचा भाव किलोवरच सांगतात, साध्या केकचा मीही तसाच सांगते. पण हा होता तीन थरांचा. त्याच्या आईची पंचाहत्तरी, गंगापूर रोडवरच्या एका लॉनवर कार्यक्रम, आणि हौस अशी की केकला पैठणी नेसवायची. राणी रंग, त्रिकोणांचा नारळी काठ, त्यात मुनिया म्हणजे पोपट, आणि मधल्या थरावरून खाली उतरणारा पदर, पदरावर मोर. घर मूळचं येवल्याचं, वडिलांचं आयुष्य मागावर गेलेलं. तिथे कसातरी कापलेला मोर खपणार नव्हता.

मी हिशेबाचा कागद पुढे केला. केक ५,६००. फाँडंट (केकवर चढवायचं साखरेचं मऊ आवरण), गमपेस्ट (वाळून कडक होणारी साखरेची कणीक), खायचा सोनेरी रंग, बोर्ड, आधाराच्या काड्या, खोका मिळून १,८००. हातकाम १५ तास, तासाला ३०० प्रमाणे ४,५००. गाडी आणि जागेवर जुळणी १,१००. एकूण १३,०००. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणी हातकामाची ओळ लिहीतच नाहीत. घरातल्या ओट्यावर केलेल्या कामाचे पैसे मागायचे कसे, असा संकोच. मग मध्यरात्रीपर्यंत पाकळ्या वळायच्या आणि हातात उरतो तो रिकामा डबा.

विचारणारा मुलगा अंबडच्या कारखान्यात नोकरीला, हिशेबाला पक्का. त्याने तोडगा काढला: "वरचा थर थर्माकोलचा करा, कोण बघतंय!" पुष्कळ जण करतात तसं, त्यात गैर काही नाही. पण थर १०, ८ आणि ६ इंचांचे, उंची तिन्हींची सारखी. अशा केकमध्ये निम्मा माल एकट्या तळाच्या थरात जातो, वरच्यात जेमतेम सव्वा किलो. थर्माकोल घातला तर हजारेक रुपये वाचले असते. फाँडंट तेवढंच, काठ तेवढाच, तासही तेवढेच.

इतका वेळ गप्प बसलेले काका, म्हणजे त्याचे विणकर वडील, तेव्हा बोलले. "पैठणी कधी वजनावर घेतलीस का रे?"

मुलगा हसला आणि गप्प झाला. काकांनी माझं चित्र ओढून घेतलं, पेन्सिलीने मुनियेची चोच बारीक केली, नारळी काठाचे त्रिकोण जवळजवळ आणले. मला वाटलं, चला, जिंकलं! तर चष्मा वर करून म्हणाले, "इंदिरानगरहून गंगापूर रोडला ११०० रुपये? विमानाने नेणार का?" तिथे मात्र त्यांनी ३०० सोडवून घेतले. धंद्यातला माणूस कुठे घासाघीस करायची ते बरोबर जाणतो.

कार्यक्रम मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला. त्यामुळे व्हिप क्रीमचा प्रश्नच नव्हता. बिनअंड्याचा चॉकलेट स्पंज, बाहेरून डार्क गनाश, तीही घट्ट: २ भाग चॉकलेटला १ भाग क्रीम. गनाश नीट आळली की वरचं फाँडंट ताठ बसतं. फाँडंट चढवलेला केक फ्रिजमधून बाहेर काढला की त्याला घाम फुटतो आणि गडद रंग ओघळतो, म्हणून सजवलेले थर एसीच्या खोलीत ठेवले. घरची मंडळी हॉलमध्ये पंख्याखाली झोपली.

जरीचं काम सगळ्यात नाजूक. सोनेरी पूड पाण्यात कालवली तर फाँडंटमधली साखर विरघळते आणि रेघ फुटते. मी ती पातळ केलेल्या कोको बटरमध्ये कालवते. पूड घेताना डबीवर ती खाण्याची असल्याचं स्पष्ट लिहिलेलं बघायचं. नुसतं 'विषारी नाही' लिहिलेली डबी शोभेपुरती, पोटात जायला नाही. त्रिकोण ब्लेडने कापून एकेक चिकटवले. मोर गमपेस्टचे, आधी वाळवून कडक केलेले.

तीन थर तीन खोक्यांतून नेले. जुळवलेला केक गंगापूर रोडच्या गतिरोधकांवरून न्यायची माझी छाती नाही. तळाच्या आणि मधल्या थरात एका उंचीच्या काड्या रोवलेल्या, प्रत्येक थराखाली त्याचा बोर्ड. वरचा भार बोर्डावरून काड्यांवर जातो, खालच्या स्पंजवर येत नाही. जुळणी झाल्यावर सांध्यावरून पदर सोडला. काका खुर्ची ओढून शेजारीच बसले होते. त्यांनी पदराची कड बोट न लावता डोळ्यांनी तपासली आणि "जमलंय" एवढंच म्हणाले.

आजींनी पदराला सुरी लावू दिली नाही. मागच्या बाजूने कापा, म्हणाल्या. वाढप्याला मी आधी काड्या काढायला लावल्या आणि मोजून परत घेतल्या. एखादी जरी कुणाच्या तुकड्यात गेली तर सगळ्या कौतुकावर पाणी. तेवढ्यात धाकट्या नातवाने एक मोर उचलून थेट तोंडात घातला. दाताने तुटेना, तसा तो बाहेर काढून ओरडला, "आजोबा, हा लाकडाचा आहे!"

"पक्का माल आहे," काका म्हणाले आणि मोर धुवून खिशात टाकला.