कंट्रोल टाकला, संबंध गायब आणि चॅप्टर परत (माझा अनुभव)

शिक्षण आणि मतदान यांच्या संबंधावर माझा प्रबंध. सर्वे, कोडिंग (म्हणजे उत्तरांना आकडे देणं), डेटा एन्ट्री सगळं सुरळीत झालं, त्याबद्दल लिहीत नाही. अडकलं ते एका टेबलावर आणि त्याचा राग अजून गेला नाहीये.

जास्त शिकलेले जास्त मतदान करतात, असं साधं टेबल आलं होतं. मग 'राजकारणात रस' हा कंट्रोल टाकला, म्हणजे रस असणारे वेगळे काढले, नसणारे वेगळे, तर दोन्हीकडे शिक्षणाचा फरक जवळजवळ संपला. कमिटीतले एक सर लगेच म्हणाले, संबंध खोटा आहे, काढून टाका. अहो पण माणूस शिकतो, त्यातून रस वाढतो, म्हणून मत द्यायला जातो, असं असेल तर संबंध खोटा कसा? तो कुठल्या वाटेने जातो ते कळलं ना! खोटा तेव्हा, जेव्हा कंट्रोल दोन्हींच्या आधीचा असतो आणि दोन्हींचं कारण असतो, उदा. लहानपणची घरची परिस्थिती. गंमत म्हणजे टेबलात दोन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात. केंडल आणि लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञांनी 1950 मध्येच सांगून ठेवलंय की आधी काय आणि नंतर काय यावरूनच ठरवायचं, आकडे ते सांगत नाहीत. तरी चॅप्टर परत, शेरा तोच, 'अजून कंट्रोल टाका'. टाकले. उत्पन्न, लिंग, गाव-शहर सगळं एकदम, आणि एकेका खान्यात चार-दोन माणसं उरली, त्यावरून काय डोंबल बोलणार?

हां, वय मात्र जरूर टाका. माझ्याकडे संबंध उलट घट्ट झाला, कारण वयस्कर लोक कमी शिकलेले पण मतदानाला हमखास जाणारे, त्यामुळे आधी तो दबला होता.

शेवटी सरांपुढे अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचं उदाहरण ठेवलं. 1973 मध्ये तिथे पदव्युत्तर प्रवेश पुरुष अर्जदारांपैकी सुमारे 44% ना मिळाला, स्त्रियांपैकी 35% ना. विभागवार पाहिलं तर फरक बहुतेक मिटतो, कारण स्त्रियांचे अर्ज जास्त होते ते प्रवेश अवघड असलेल्या विभागांना. पण विभाग निवडला जातो तो लिंगानंतर, आधी नाही, मग 44 आणि 35 खोटे म्हणायचे का, असं विचारलं. सर गप्प. चॅप्टर पास, आणि खरं सांगतो, जाम भारी वाटलं.

प्रश्नावली बनवतानाच शिक्षण कितव्या वर्षी संपलं ते विचारून घ्या, आधी-नंतरच्या वादात मला तेच कामाला आलं. आणि कंट्रोलशिवायचं मूळ टेबल शेजारी ठेवा, माझं परिशिष्टात टाकायला लावलं होतं, मी नाही टाकलं.