आठ डिश आणि एक स्टॉपवॉच

मॉर्फिन पेशीवरच्या म्यू ओपिऑइड रिसेप्टर या प्रोटीनला चिकटतं आणि वेदना कमी होते, हे फार्मसीच्या पोरांनाही पाठ असतं. माझ्या पीएचडीचा प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडचा होता: पेशीत हा रिसेप्टर मुळात किती बनायचा, हे ठरवतं कोण?

माणसात त्याचं जनुक ओपीआरएम१, सहाव्या क्रोमोसोमवर. प्रोमोटरवर, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या भागावर, एसपी१ सारखी प्रोटीनं बसली की ट्रान्सक्रिप्शन (जनुकाची आरएनए प्रत काढणं) वाढतं. रेस्ट नावाचं प्रोटीन बसलं की दबतं. रेस्टची ख्याती अशी, की न्यूरॉनची जनुकं इतर पेशींत गप्प ठेवायची. ओपीआरएम१च्या बाबतीत मात्र ते न्यूरॉनसारख्या पेशींतही लगाम खेचतं. ते आमच्या एसएच-एसवाय५वाय या प्रयोगशाळेत वाढवलेल्या, न्यूरॉनसारख्या मानवी पेशींत प्रत्यक्ष बसलेलं दिसतं का, एवढंच मला बघायचं होतं.

एवढंच! चार महिने गेले.

पद्धतीचं नाव चिप, म्हणजे क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन. (आईला वाटलं मी वेफर्सवर संशोधन करतेय. मीही फार दिवस तो गैरसमज मोडला नाही.) १ टक्का फॉर्मल्डिहाइड घालून १० मिनिटांत प्रोटीन आणि डीएनए जागच्या जागी जखडायचे, ग्लायसिनने ती क्रिया थांबवायची, सोनिकेटरने, म्हणजे ध्वनिलहरींनी, डीएनएचे २०० ते ५०० बेसपेअरचे (डीएनएच्या अक्षरजोड्यांचे) तुकडे करायचे, रेस्टची अँटीबॉडी टाकून रात्रभर ४ अंशांवर फिरवत ठेवायचं. सकाळी अँटीबॉडीने जे धरलं त्यात आपला प्रोमोटर आहे का, ते क्यूपीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवत तो किती होता हे सांगणाऱ्या पद्धतीने) मोजायचं.

माझ्याकडे रेस्टची अँटीबॉडी आणि तुलनेसाठी ठेवलेली, रेस्टला न धरणारी साधी आयजीजी अँटीबॉडी, दोन्हींचे आकडे सारखेच यायचे. सोडियम चॅनलच्या एससीएन२ए जनुकावर रेस्ट बसतंच, म्हणून ते पॉझिटिव्ह कंट्रोल ठेवलं होतं, तेही कोरं. मी अँटीबॉडीला शिव्या घातल्या. नवी मागवली, महिना गेला, फरक शून्य. मग तुकड्यांची लांबी दाखवणारी जेल चालवली तर तुकडे २००० बेसपेअरच्या वर अडकलेले. सोनिकेशन वाढवलं, नळीत फेस झाला, बर्फात ठेवूनही नमुना तापला.

खरी चूक सिनिअर ताईने पकडली, तीही यंत्राकडे न बघता. तिने माझी वही मागितली. "आठ डिश एकटीने केल्यास? पहिलीत फॉर्मल्डिहाइड कधी घातलंस, आणि ग्लायसिन कधी?" मी सगळ्यांत फॉर्मल्डिहाइड ओतून झाल्यावर, प्रत्येक डिश हलवत, मग पहिलीकडे वळायचे. शेवटच्या डिशला १० मिनिटं मिळायची, पहिलीला २५. इतकं जखडलेलं क्रोमॅटिन (डीएनए आणि त्यावरची प्रोटीनं) सोनिकेटरला दाद देत नाही, आणि अँटीबॉडीने जिथे धरायचं तो भागही झाकला जातो. वर मी आठही डिश एकाच नळीत गोळा करत होते!

त्यानंतर एका वेळी दोनच डिश, हातात स्टॉपवॉच. जेलवर ३००च्या आसपास छान पट्टा आला. क्यूपीसीआरमध्ये ओपीआरएम१ प्रोमोटर आयजीजीपेक्षा तीन सायकल आधी वर आला. दर सायकलला डीएनए दुप्पट, म्हणजे साधारण आठपट. एससीएन२एवर फरक त्याहून जास्त होता, ते अपेक्षितच.

दुसऱ्यांदा तसंच आलं. तिसऱ्यांदा फरक जेमतेम एका सायकलचा. गाईड म्हणाल्या, तो आकडाही आलेखात घाल. घातला. आकड्यांतली तफावत दाखवणारा एरर बार बराच लांब झालाय.