किल्ली बंद, इंजिन चालूच

टर्बो डिझेल इंजिनाला पहिल्यांदा सेल्फ मारायच्या आधी मी एअर फिल्टरचा पाइप टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, तोंडापासून काढून ठेवतो आणि जाड प्लायवूडचा एक तुकडा हाताशी ठेवतो. काकांना त्या प्लायचं हसू आलं. "हे काय, चाकाखाली लावायला?" म्हणाले. म्हटलं, "असू दे काका, सवय आहे."

गाडी लँड रोव्हर सिरीज थ्री. हे मॉडेल 1971 ते 1985 पर्यंत बनत होतं. तिचं मूळ 2,286 सीसीचं डिझेल इंजिन जेमतेम 60 हॉर्सपॉवरचं. त्याच्या जागी काकांनी घरच्या शेडमध्ये चेनब्लॉक लावून लँड रोव्हरच्याच जुन्या डिस्कव्हरी गाडीचं 200 टीडीआय इंजिन बसवलं होतं. 1989 साली आलेलं, 2,495 सीसीचं, टर्बो आणि इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) असलेलं, 110 हॉर्सपॉवरच्या आसपासचं. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली असल्यामुळे जुन्या गिअरबॉक्सशी जुळवून घेता येतात, म्हणूनच हा बदल घरी करणारे बरेच आहेत. काकांचं काम नीटनेटकं होतं. वायरिंगला टेप, प्रत्येक होजला चांगला क्लॅम्प, रेडिएटर आणि इंटरकूलर शेजारी शेजारी. मला बोलावलं ते फक्त पहिल्या स्टार्टला सोबत म्हणून.

डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडची (डिझेल तोडणाऱ्या विजेच्या वॉल्व्हची) वायर काढली, म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसतं इंजिन फिरवलं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. कोरड्या बेअरिंगवर त्याला फिरवणं म्हणजे नवा खर्च ओढवून घेणं. मग वायर जोडली, डिझेल लाइनमधली एअर काढली आणि सेल्फ मारला. दुसऱ्या झटक्यात इंजिन लागलं. आयडल (रेस न देता चालणं) छान, ऑइल प्रेशर छान. गळती बघत, पाणी तापायची वाट पाहत आम्ही ते बराच वेळ तसंच चालू ठेवलं. काका खुश.

मग मी ॲक्सिलरेटर थोडा दाबला आणि सोडला. रेस उतरली नाही, उलट चढायला लागली. सायलेन्सरमधून निळा-पांढरा धूर आला आणि शेड दिसेनाशी झाली. मी किल्ली बंद केली. सोलेनॉइड 'टक्' वाजला, म्हणजे पंपाने डिझेल तोडलं, आणि इंजिन आणखी वर गेलं. ज्याने हा आवाज एकदा ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. पेट्रोल इंजिनाचं इग्निशन तोडलं की ते गप्प बसतं. डिझेलला स्पार्क लागत नाही, जळण्यासारखं काहीही हवेबरोबर आत गेलं की ते त्यावर चालतं. इथे ते स्वतःचंच इंजिन ऑइल पीत होतं. अशा वेळी उपाय एकच, हवा तोडायची. प्लाय टर्बोच्या तोंडावर सपाट दाबला. ओढ एवढी की तो खाडकन चिकटला. इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि बंद पडलं. तिथे हात किंवा फडकं कधीही लावू नये. फडकं आत जातं आणि हाताचं काय होईल ते मी लिहीत नाही.

काका भिंतीला टेकून उभे होते. "इंजिन गेलं का रे?"

"बघू आधी," म्हणालो.

इंटरकूलरचा खालचा होज सोडला तर काळं ऑइल धारेने बादलीत पडलं. टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून पाहिला. आडवा किंचित हलत होता, तेवढा चालतो. आत-बाहेर अजिबात नाही. म्हणजे टर्बो चांगला होता. मग ऑइल येतंय कुठून?

उत्तर गाडीखाली झोपल्यावर दिसलं. डिस्कव्हरीच्या इंजिनावर टर्बो खाली बसतो आणि सिरीजच्या चेसिसला अडतो. काकांनी मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा पाइप) आणि टर्बोच्या मध्ये स्वतः बनवलेली प्लेट घालून अख्खा टर्बोच फिरवून घेतला होता. जागा सुरेख मिळाली, पण ऑइल परत जायचं भोक, जे सरळ खाली हवं, ते बाजूला वळलं. तिथून निघालेला रबरी पाइप इंजिनाच्या फाउंडेशनवरून (इंजिन चेसिसला धरणाऱ्या ब्रॅकेटवरून) चढून मग खाली उतरत होता. टर्बोत ऑइल येतं प्रेशरने, परत जातं फक्त उताराने, तेही फेसाळलेलं. पाइपला चढ आला की ऑइल बेअरिंगपाशी तुंबतं. आयडलला टर्बोत बूस्ट, म्हणजे दाबलेल्या हवेचा जोर, नसतो, त्यामुळे ते सीलवरून सहज हवेच्या बाजूला सरकतं. आम्ही कौतुकाने आयडल ऐकत होतो तेव्हा इंटरकूलर भरत होता. रेस दिल्यावर हवेच्या झोताने सगळं एकदम आत नेलं.

टर्बोच्या मधल्या भागाचे बोल्ट ढिले करून फक्त तोच फिरवला, भोक खाली आणलं. फाउंडेशनच्या ब्रॅकेटचा कोपरा कापला आणि मोठ्या व्यासाचा, सरळ उतरणारा पाइप टाकला. इंटरकूलर काढून सॉल्व्हंटने धुतला आणि पुसट वासही उरणार नाही इतका वाळवला. हे काम कंटाळवाणं आहे आणि बरेच जण इथेच घाई करतात. ऑइल बदललं, जुना फिल्टर कापून कागद उलगडून पाहिला. बेअरिंग झिजल्याची धातूची चकाकी कुठेच नव्हती.

दुसऱ्यांदा स्टार्ट केलं तेव्हा प्लाय काकांनीच धरला होता. यावेळी रेस दिली, सोडली, इंजिन लगेच आयडलला आलं. किल्लीने बंद झालं.

शेडबाहेर एक चक्कर मारून काका उतरले ते नवीन प्रश्न घेऊनच. पंप आणि बूस्ट थोडं वाढवता येईल का? मी त्यांना चाकापाशी नेलं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, 60 हॉर्सपॉवरच्या हिशोबाचे. मागची चाकं फिरवणारे हाफ शाफ्टही मूळचेच आणि सिरीजचे ते अशाने तुटतात हे सर्वांना ठाऊक आहे. आधी ब्रेकचं काम करा, मग बोलू, असं सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही.