काउंट नॉर्मल आलेत, मग गोळी अजून कशाला?

सीएमएलच्या (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा एक कर्करोग) पेशंटकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांकडून, हा प्रश्न हमखास येतो. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर होत्या त्या सात-आठ हजारांवर आल्या, वाढलेली प्लीहा आत गेली, वजन भरलं. मग गोळी का चालू? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

साध्या सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला, या आजाराचा फक्त वरचा थर दिसतो. गोळी लागू पडली की एक-दोन महिन्यांत काउंट जागेवर येतात, पण बोन मॅरोमध्ये (हाडांच्या आत, जिथे रक्त तयार होतं) बिघडलेल्या पेशी तेव्हाही अब्जांनी असतात. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बनलेलं बीसीआर-एबीएल जनुक ही त्यांची खूण. त्याच्यापासून तयार होणारं प्रथिन पेशीला थांबूच देत नाही. इमॅटिनिब, म्हणजे या आजाराची नेहमीची गोळी, नेमकं त्याच प्रथिनाला अडवतं, आणि अडवून ठेवायचं तर औषध रक्तात रोज हवं. मॅरोतल्या मूळ पेशी त्यानेही सगळ्या मरत नाहीत, दबून राहतात.

म्हणून बघायचा तो पीसीआरचा, म्हणजे रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलंय ते मोजणाऱ्या तपासणीचा आकडा, रिपोर्टवर ‘आयएस’ (आंतरराष्ट्रीय मोजपट्टी) लिहिलेली टक्केवारी. तीन महिन्यांनी १० टक्के किंवा खाली, सहा महिन्यांनी १ किंवा खाली, वर्षाने ०.१ किंवा खाली, असा उतार अपेक्षित असतो. तिसऱ्या महिन्याला १२ आला म्हणून लगेच औषध बदलत नाहीत. आधी गोळ्या नीट घेतल्या जातायत का ते विचारतात आणि तपासणी लवकर पुन्हा करतात.

‘आढळले नाही’ असा रिपोर्ट आला की घरात आनंदीआनंद होतो. होऊ द्या, पण त्याच कागदावर कंट्रोल जनुकाच्या (नमुना पुरेसा होता का ते पाहण्यासाठी सोबत मोजलेलं नेहमीचं जनुक) कॉपींचा आकडा शोधा. बहुतेक लॅब त्यासाठी एबीएल मोजतात. तो १०,०००च्या वर असेल तरच ‘एमआर ४’, म्हणजे ०.०१ टक्क्याच्या खाली, असं म्हणता येतं. चार हजारच असतील तर नमुना तेवढं खोल पाहण्याइतका चांगलाच नव्हता. ट्यूब उशिरा पोचली की आरएनए (तपासणीत मोजला जाणारा पेशीतला रेणू) तुटतो आणि असं होतं. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. इतक्या खालच्या पातळीवर ०.०१चा ०.०२ होणं हा तपासणीतला फरकही असू शकतो, त्यावर झोप उडवून घेऊ नका. ०.१ची रेघ ओलांडली तर मात्र थांबू नका.

आकडा पुन्हा चढला तर आधी गोळ्यांची पाकिटं मोजावीत, हे माझं ठाम मत. महिन्यात तीन गोळ्या चुकल्या की ९० टक्केच औषध पोटात गेलं, आणि इमॅटिनिब त्याहून कमी घेणाऱ्यांमध्ये ०.१च्या खाली जाणारे फार थोडे असतात. गोळ्या विसरण्यामुळे चुकतात तशा त्रासामुळेही चुकतात: मळमळ, डोळ्यांभोवती सूज, रात्री पोटरीत येणारे गोळे. डॉक्टरांना हे सांगितलंच जात नाही, खरं तर डोस आणि औषध दोन्ही बदलता येतात. इमॅटिनिब भरल्या पोटी, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावं आणि लगेच आडवं होऊ नये. निम्मी मळमळ तिथेच कमी होते. गिळता येत नसेल तर ४०० मिलिग्रॅमची गोळी २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची. याच आजारावरच्या दुसऱ्या औषधाचं, निलोटिनिबच्या कॅप्सूलचं, याच्या उलट: आधी दोन तास आणि नंतर एक तास पोट रिकामं. डॅसॅटिनिब हे तिसरं औषध घेताना ॲसिडिटीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, औषध शोषलं जात नाही. आणि धाप लागली तर छातीचा एक्स-रे काढून घ्या, फुप्फुसाभोवती पाणी होऊ शकतं. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. टीबीचं रिफॅम्पिसिन इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण पाडतं, म्हणून कुठलंही नवं औषध सुरू करण्याआधी विचारा.

मग गोळी जन्मभर का? तसंही नाही. आजार कधीच पुढच्या टप्प्यात गेलेला नसेल, औषध निदान तीन वर्षं (अनेक डॉक्टर पाच म्हणतात) झालं असेल आणि एमआर ४ सलग दोन वर्षं टिकला असेल, तर देखरेखीखाली थांबवून पाहता येतं. अट एकच, पण कडक: पहिले सहा महिने दर महिन्याला पीसीआर, पुढचे सहा महिने दर दोन महिन्यांनी, नंतर दर तीन महिन्यांनी. रिपोर्ट वेळेवर हातात येण्याची खात्री नसेल तर या वाटेला जाऊच नये. मूल हवं असलेल्या स्त्रियांनी हे नियोजन दिवस राहण्याआधी करायचं, कारण ही औषधं गर्भाला घातक ठरू शकतात.

थांबवणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांचा आकडा पुन्हा चढतो, बहुतेकांचा पहिल्या सहा-आठ महिन्यांत. ०.१ ओलांडलं की गोळी परत सुरू, आणि जवळजवळ सगळ्यांचा आकडा पुन्हा खाली येतो. थांबवल्यावर काही आठवड्यांत खांदे, कंबर, सांधे दुखू लागले तर आजार परतला असं समजून घाबरू नका. बऱ्याच जणांना हे औषध सुटल्यामुळे होतं, काही महिने टिकतं आणि साध्या वेदनाशामकाने भागतं. कोणतं घ्यायचं ते मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारा.